साप चावल्यावर दहा बाटल्या का लागतात?

केस पेपरवर लिहिलेलं असतं, ‘एएसव्ही १० व्हायल’, म्हणजे सापाच्या विषावरच्या औषधाच्या दहा बाटल्या. नातेवाईक ते वाचतात आणि चक्रावतात. एकदाच तर चावलाय, मग दहा बाटल्या कशाला? शेजारच्या खाटेवरच्या माणसालाही सापच चावलाय, पण त्याला अजून एकही बाटली दिलेली नाही. त्याचं थोडं रक्त काचेच्या नळीत घेऊन टेबलावर ठेवलंय आणि सिस्टर घड्याळ बघतायत. पलीकडे एक पाच वर्षांचं पोर आहे, त्याला मात्र मोठ्या माणसाइतकाच डोस. पावसाळ्यात सर्पदंशाच्या वॉर्डात हे तिन्ही प्रकार एकाच वेळी दिसू शकतात, आणि आतलं गणित माहीत नसलेल्याला वाटतं की इथे काहीतरी गडबड आहे. खरं तर तिन्ही खाटांवर एकच हिशेब चालू असतो.

हा हिशेब ठाणे-नवी मुंबईत राहणाऱ्यांनी समजून घ्यायलाच हवा. येऊरच्या पायथ्याला घोडबंदर रोडच्या सोसायट्या, पारसिकच्या डोंगराला टेकलेलं बेलापूर, टेकड्यांच्या कुशीत वाढत गेलेलं खारघर, आणि खाडीकाठाने पसरलेली खारफुटी, अशी आपली वस्ती आहे. पहिल्या जोरदार पावसात बिळांत पाणी शिरतं आणि साप कोरडी जागा शोधत पार्किंगमध्ये, मीटर रूममध्ये, जिन्याखाली येऊन बसतात. कचऱ्याच्या डब्यांभोवती उंदीर असले की त्यांना परत जायची घाईही नसते.

देशपातळीवरचे आकडे हादरवणारे आहेत. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने हे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणायचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सर्व राज्यांना सांगितलं की सर्पदंशाची नोंद करणं रुग्णालयांना बंधनकारक करा. या मृत्यूंपैकी बरेचसे टाळता येण्यासारखे असतात. औषध आहे, ते आपल्या देशात बनतं, सरकारी रुग्णालयात मोफत मिळतं. पण ते कसं काम करतं हे कळलं नाही तर ते वेळेवर मिळत नाही.

विष कुठे घाव घालतं

सापाचं विष ही त्याची लाळच. उंदीर, बेडूक मारायला आणि पचवायला सोपे व्हावेत म्हणून तयार झालेली. त्यात अनेक प्रथिनांचं मिश्रण असतं आणि प्रत्येकाचं काम वेगळं. आपल्याकडे माणसाचा जीव घेणारे दंश मुख्यतः चार सापांचे: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. हे चौघे दोन वेगळ्या वाटांनी मारतात.

नाग आणि मण्यार नसांवर हल्ला करतात. मेंदूचा निरोप नसेच्या टोकापर्यंत आला की तिथे एक रसायन सुटतं, ते स्नायूवरच्या कुलपात किल्लीसारखं बसतं आणि स्नायू हलतो. नागाचं विष त्या कुलपात काडी घालून ठेवतं. किल्ल्या येत राहतात, आत जात नाहीत. मण्यारीचं विष त्याच्या एक पायरी अलीकडे मुख्य घाव घालतं. ते नसेचं टोकच निकामी करतं, म्हणजे किल्ल्या घडवणारी भट्टीच विझते. दोन्हींचा शेवट सारखा होतो. आधी पापण्या जड होतात, मग दोन-दोन दिसतं, बोलणं जड होतं, थुंकी गिळता येत नाही, आणि शेवटी छाती उचलणारे स्नायू थांबतात. माणूस शुद्धीत असतो, पण श्वास घेता येत नाही. वाटेतला फरक मात्र लक्षात ठेवा, उपचारात तो फार मोठा ठरतो.

घोणस आणि फुरसं रक्तावर जातात. दुधाला विरजण लावलं की दही लागतं, तसं जखम झाली की रक्त गोठतं, आणि त्यासाठी लागणारा माल शरीरात ठरावीक असतो. घोणशीचं विष रक्तात जागोजागी विरजण लावत सुटतं. सगळीकडे बारीक बारीक गुठळ्या होतात, माल संपतो, आणि मग खरी जखम होते तेव्हा गोठवायला काही उरत नाही. हिरड्यांतून रक्त येतं, लघवी लाल होते, सुई टोचलेली जागा वाहत राहते. घोणस वर मूत्रपिंडांनाही धरते. फुरशाचं विषही रक्ताचं गोठणं बिघडवतं, आणि ते सावकाश, काही दिवससुद्धा चालू राहू शकतं.

मण्यारीबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण तिचा दंश ओळखायचा सगळ्यात जास्त राहून जातो. मण्यार रात्री फिरते. जमिनीवर झोपलेल्या माणसाला झोपेत चावते. दात इतके बारीक असतात की खूण सापडत नाही, सूज नसते, दुखतही नाही. पहाटे माणूस पोट दुखतं म्हणून उठतो, उलटी होते, घरचे म्हणतात काल रात्री काही वावगं खाल्लं असेल. तासाभराने पापण्या मिटायला लागतात. येऊरचे पाडे असोत, शहापूर-मुरबाडची घरं असोत की बांधकामाच्या साइटवरच्या पत्र्याच्या खोल्या, पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे पोटदुखी आणि जड पापण्या एकत्र आल्या तर ती मण्यारच समजा आणि निघा.

घोड्याच्या रक्तातून आलेलं औषध

एएसव्ही म्हणजे प्रतिविष, सापाच्या विषाला पकडून निष्प्रभ करणारं औषध. बोलताना आपण त्याला ‘सापाची लस’ म्हणतो, पण लस आधी घ्यायची असते आणि ती शरीराला स्वतः लढायला शिकवते. प्रतिविष आयतं असतं. दुसऱ्या प्राण्याने आपल्यासाठी लढाई शिकून ठेवलेली असते.

तो प्राणी म्हणजे घोडा. चारही सापांचं विष अगदी थोड्या मात्रेत, महिनोन्‌महिने वाढवत घोड्याला टोचतात. घोड्याला इजा होऊ नये इतकीच मात्रा असते, पण त्याच्या रक्तात त्या विषाला ओळखून चिकटणारी प्रथिनं, म्हणजे प्रतिपिंडं, तयार होतात. मग ठरावीक काळाने त्याचं रक्त काढून त्यातला पिवळसर द्रव वेगळा करतात. त्यातली प्रतिपिंडं गाळून, त्यांचा अनावश्यक भाग छाटून, शुद्ध करून भुकटी बनवतात. साधारण अशीच पद्धत १८९० च्या दशकापासून चालत आली आहे. मराठी माणसाच्या ओळखीची परळची हाफकिन संस्था याही कामासाठी प्रसिद्ध आहे.

औषधासाठी लागणारं विष कुठून येतं? त्याचा मोठा भाग चेन्नईजवळच्या इरुळा जमातीच्या सहकारी संस्थेकडून. पिढ्यान्‌पिढ्या साप पकडणाऱ्या या लोकांनी १९७८ मध्ये संस्था काढली. ते साप पकडतात, काही आठवडे ठेवून विष काढतात आणि पुन्हा जंगलात सोडतात. हे ध्यानात असू द्या, पुढे याचाच एक कठीण प्रश्न होतो.

दहा बाटल्यांचा हिशेब

बाटलीवर लिहिलेलं असतं की १ मिलिलिटर प्रतिविष घोणशीचं ०.६ मिलिग्रॅम विष निकामी करतं. नागाचंही तेवढंच, मण्यार आणि फुरशाचं ०.४५ मिलिग्रॅम. एका बाटलीतून १० मिलिलिटर औषध तयार होतं. म्हणजे एक बाटली घोणशीचं ६ मिलिग्रॅम विष मारते.

आता दुसरी बाजू. घोणस एका चाव्यात सरासरी ६३ मिलिग्रॅम विष सोडते. भागाकार करा, उत्तर साडेदहा येतं. सुरुवातीच्या ८ ते १० बाटल्या तिथून आल्या. पण ही सरासरी झाली. प्रत्यक्षात घोणस ५ मिलिग्रॅमपासून १४७ मिलिग्रॅमपर्यंत कितीही सोडू शकते, आणि १४७ ला ६ ने भागलं तर जवळजवळ २५ बाटल्या होतात. म्हणून पहिल्या दहानंतर डॉक्टर थांबून बघतात, आणि गरज पडली तर आणखी देतात. रक्तावर परिणाम करणाऱ्या दंशात हा आकडा ३० पर्यंत जाऊ शकतो, नसांवरच्या दंशात साधारण २० ला थांबतात.

पोराला मोठ्यांइतका डोस का, हेही याच गणितात आहे. तापाचं औषध वजनावर ठरतं, कारण ते शरीरासाठी असतं. प्रतिविष विषासाठी असतं. सापाने समोर कोण आहे ते बघून विष कमी सोडलेलं नसतं. उलट लहान शरीरात तेवढंच विष जास्त दाट होतं. गरोदर बाईलाही पूर्ण डोस द्यावा लागतो, आणि तो टाळणं आई व बाळ दोघांच्या जिवावर येतं.

बाटली तयार करायलाही वेळ लागतो, हे बाहेर उभ्या असलेल्यांना दिसत नाही. भुकटीत निर्जंतुक पाणी घालून बाटली हळू फिरवत विरघळवावी लागते. जोरात हलवली तर फेस होतो आणि औषध वाया जातं. अशा दहा. मग ते सगळं सलाईनमध्ये मिसळून साधारण तासाभरात शिरेतून सोडतात. चावलेल्या जागी टोचण्याचा काही उपयोग नाही. तिथे जागा कमी, वेदना जास्त, आणि विष तोवर पुढे गेलेलं असतं.

काचेच्या नळीतली वीस मिनिटं

दुसऱ्या खाटेकडे वळू. त्याच्या रक्ताची नळी टेबलावर ठेवली आहे ती चालढकल नाही. घोणस किंवा फुरशाचं विष शरीरात भिनलंय का, हे सांगणारी सगळ्यात स्वस्त आणि भरवशाची तपासणी तीच आहे. शिरेतून २ मिलिलिटर ताजं रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचं, २० मिनिटं हात न लावता ठेवायचं, आणि मग नळी एकदाच आडवी करायची. रक्त घट्ट बसलं असेल तर गोठण्याचा माल शाबूत आहे. पाण्यासारखं वाहिलं तर प्रतिविष लगेच सुरू.

इथे बारीकसारीक चुका घात करतात. नळी काचेचीच हवी, कारण काचेच्या स्पर्शाने रक्ताची गोठण्याची साखळी सुरू होते. प्लॅस्टिकमध्ये चांगलं रक्तही पातळ राहू शकतं. नळी साबणाने धुतलेली असेल तरी निकाल चुकतो. मध्येच कुणी हलवून बघितली तर पुन्हा पहिल्यापासून. आणि एकदा घट्ट निघालं म्हणून विषय संपत नाही. विष हळूहळू पसरतं, म्हणून ही तपासणी सुरुवातीला थोड्या थोड्या वेळाने आणि नंतर जास्त अंतराने पुन्हा पुन्हा करतात. प्रतिविष दिल्यावर मात्र सहा तास थांबतात. औषधाने विष थांबवलं तरी गोठण्याचा नवा माल यकृताला बनवावा लागतो आणि त्याला तेवढा वेळ लागतो. सहा तासांनंतरही रक्त पातळ असेल तर विष अजून शिल्लक आहे, आणखी बाटल्या लावायच्या.

नाग-मण्यारीच्या संशयात रक्त व्यवस्थित गोठतं. तिथे डॉक्टर रुग्णाला छताकडे टक लावून बघायला सांगतात, पापण्या खाली येतात का बघतात, एका श्वासात आकडे मोजायला लावतात. मघाशी वीसपर्यंत गेलेला माणूस आता बाराला थांबला, तर श्वासाचे स्नायू दमताहेत.

मग सगळ्यांनाच आधी टोचून टाका की!

हा आग्रह दर पावसाळ्यात ऐकू येतो, आणि घाबरलेल्या माणसाच्या तोंडून तो साहजिकच येतो. पण बहुतेक साप बिनविषारी असतात. आपल्या सोसायट्यांत निघणारे धामण, दिवड, कवड्या, तस्कर यांच्या चाव्याला जखम धुण्यापलीकडे फारसं काही लागत नाही. विषारी सापही काही वेळा विष न सोडता नुसता दात मारतो. अशा माणसाला दहा बाटल्या घोड्याचं प्रथिन देणं म्हणजे फायद्याशिवाय धोका विकत घेणं. या औषधाची रिॲक्शन येऊ शकते: अंगावर गांधी, खाज, थंडी वाजून ताप, आणि कधी घसा आवळून रक्तदाब एकदम कोसळणं. म्हणून शेजारी ॲड्रेनलिन भरलेली सिरिंज तयार ठेवूनच प्रतिविष सुरू करतात. रिॲक्शन आली तर औषध थांबवतात, मोठ्या माणसाला ०.५ मिलिग्रॅम ॲड्रेनलिन मांडीत देतात, आणि माणूस सावरला की प्रतिविष पुन्हा सुरू करतात. रिॲक्शन आली म्हणून उपचार सोडून देत नाहीत. आधी त्वचेखाली थोडं टोचून बघायची जुनी पद्धत आता बंद आहे, तिच्यावरून पुढची रिॲक्शन ओळखता येत नाही.

म्हणून लक्षणं नसतील तर २४ तास निरीक्षण. बाटली न देता थांबवून ठेवलं म्हणून दुर्लक्ष होतंय असं समजू नका, आणि भांडून घरी तर मुळीच नेऊ नका.

औषध मिळूनही माणूस का जातो

सगळ्यात जास्त संताप इथे होतो. वीस बाटल्या दिल्या, तरी गेला. याचं उत्तर प्रतिविषाच्या मर्यादेत आहे. ते रक्तात फिरणारं विष पकडतं. जे विष नसेच्या टोकाशी जाऊन काम उरकून बसलंय, किंवा मूत्रपिंड ज्याने आधीच जखमी केलंय, ते नुकसान औषध भरून काढत नाही. घरात शिरलेल्या चोराला पोलीस धरतील, पण तोवर फुटलेलं कपाट ते सांधून देणार नाहीत. उशीर झालेल्या प्रत्येक तासाला त्या फुटक्या कपाटांची संख्या वाढत जाते.

मघाचा कुलूप-किल्लीचा फरक इथे कामाला येतो. नागाच्या दंशात निओस्टिग्मिन नावाचं साधं इंजेक्शन, सोबत ॲट्रोपिन देऊन, फार उपयोगी पडतं. ते किल्ल्या लवकर नष्ट होऊ देत नाही, मग किल्ल्यांची गर्दी वाढून काही कुलपं उघडतात. मण्यारीत किल्ल्याच बनत नाहीत, म्हणून या इंजेक्शनचा सहसा गुण येत नाही. तिथे नसेची टोकं पुन्हा वाढेपर्यंत श्वास चालू ठेवणं हाच उपचार, आणि तो व्हेंटिलेटर कित्येक दिवस करतो. हलत नाही, डोळे उघडत नाही म्हणून अशा रुग्णाची आशा सोडू नये. तो बऱ्याचदा सगळं ऐकत असतो आणि नीट उठून घरी जातो.

आता इरुळांच्या विषाचा प्रश्न. एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशाप्रमाणे बदलतं, हे आता नक्की झालेलं आहे. तामिळनाडूतल्या सापांच्या विषावर घडलेलं औषध महाराष्ट्रातल्या सापाच्या विषाला तितकंच घट्ट पकडेल असं नाही. प्रदेशवार विष गोळा करून औषध बनवावं, ही मागणी त्यामुळेच आहे, आणि ती लवकर पुरी व्हायला हवी. तोपर्यंत हाती असलेलं औषध हाच आधार आहे, फक्त ते कधी कधी जास्त लागतं.

काही साप तर या औषधाच्या यादीतच नाहीत. येऊरच्या जंगलात झाडाझुडपांवर बसणारा हिरवा चापडा त्यांपैकी एक. त्याच्या दंशाने सूज आणि वेदना खूप होतात, जीव क्वचितच जातो, पण या बाटल्यांनी त्याला आराम पडत नाही. उरणच्या बाजूला जाळ्यात येणाऱ्या समुद्री सापांचंही तेच. त्यांचं विष कडक असतं, आपलं प्रतिविष त्यावर चालत नाही, म्हणून मासेमारी करणाऱ्यांनी जाळ्यातला साप हाताने सोडवू नये. दंश झालाच तर व्हेंटिलेटर आणि डायलिसिस असलेलं रुग्णालय गाठावं.

‘आमच्या भगताने कित्येक जण वाचवलेत’

वाचलेले लोक खरे असतात, ते खोटं बोलत नाहीत. पान लागलं, म्हणजे साप चावला, भगताकडे नेलं, पाला दिला, मंत्र घातला, माणूस उठून बसला. पण बिनविषारी सापाचा दंश आणि विष न सोडलेला दंश हे दोन्ही मोजले तर बहुतेक माणसं काहीही न करता उठून बसणारच होती. ज्यांना खरंच विष चढलंय, त्या उरलेल्यांचे मात्र उपचाराचे मोलाचे तास वाया जातात. पाड्यावर भगताचा शब्द चालतो, आणि तो त्याने अनेक वर्षांच्या सेवेने कमावलेला असतो. म्हणून त्यालाच बरोबर गाडीत घ्या. मंत्र वाटेत म्हणता येतो.

पहिल्या तासात काय करायचं

सापापासून दूर व्हा. तो मारायला किंवा पकडायला जाऊ नका, दुसरा दंश तिथेच होतो. मेलेल्या सापाचं तुटलेलं डोकंसुद्धा काही काळ चावू शकतं. लांबून फोटो मिळाला तर घ्या, नाही मिळाला तर अडत नाही, कारण चारही मुख्य सापांना बाटली एकच आहे आणि डॉक्टर लक्षणांवरून ठरवतात. चावल्याची वेळ लिहून ठेवा.

अंगठी, बांगड्या, पैंजण, घड्याळ, बूट लगेच काढा. सूज चढली की ते कापावे लागतात. चावलेला हात किंवा पाय हाड मोडल्यासारखा फळीला, काठीला, गुंडाळलेल्या वर्तमानपत्राला सैल बांधून स्थिर करा. स्नायू हलले की विष पुढे ढकललं जातं, म्हणून रुग्णाला चालवू नका, जिना उतरवू नका, उचलून न्या. १०८ ला फोन करा. गाडी लवकर येणार नसेल तर रिक्षा, कार, काहीही. दुचाकीच असेल तर रुग्णाला मध्ये बसवून मागून एकाने घट्ट धरायचं. उलटी होत असेल तर कुशीवर झोपवा.

दोरी आवळू नका. विष दोरीने कायमचं थांबत नाही, पण रक्त थांबतं, आणि घोणस-फुरशासारखा साप असेल तर विष एकाच जागी कोंडून ते मांस सडवतं. कुणी आधीच आवळली असेल तर वाटेत एकदम सोडू नका, अडलेलं विष एका झटक्यात पसरू शकतं. ती डॉक्टरांसमोरच सोडायची. कापू नका, चोखू नका, बर्फ लावू नका. रक्त न गोठणाऱ्या माणसाला ब्लेडने कापलं तर तोच रक्तस्राव जिवावर बेततो. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन देऊ नका, दुखलं तर पॅरासिटामॉल. धनुर्वाताचं इंजेक्शन गल्लीतल्या दवाखान्यात घाईने घेऊ नका, रक्त गोठतंय हे कळल्यावर ते देतात.

आणि रुग्णालय आज ठरवा, दंशाच्या रात्री नव्हे. येऊरहून खाली उतरायला उपवनकडे येणारा एकच रस्ता आहे, घोडबंदरची संध्याकाळची कोंडी सगळ्यांना माहीत आहे. जवळच्या दोन-तीन रुग्णालयांना फोन करून दोनच गोष्टी विचारा: प्रतिविषाच्या किमान वीस बाटल्या आहेत का, आणि व्हेंटिलेटर आहे का. उत्तर सोसायटीच्या नोटीस बोर्डावर, पाड्यावर शाळेच्या भिंतीवर लिहून ठेवा. एकाच मोठ्या रुग्णालयाच्या ओढीने जवळचं सोडून जाऊ नका. जवळच्या ठिकाणी पहिल्या दहा बाटल्या सुरू करून मग पुढे हलवणं बहुतेक वेळा शहाणपणाचं ठरतं.

मण्यार की कवड्या?

ओळखीबद्दल थोडंच सांगतो, कारण अर्धवट ओळखीने घात होतो. मण्यार काळीभोर, अंगावर पांढरे बारीक पट्टे जोडीजोडीने. ते मानेपासून थोड्या अंतरावर सुरू होतात आणि शेपटीकडे जास्त ठसठशीत होतात. कवड्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात आणि शेपटीकडे विरत जातात. घोणशीच्या पाठीवर साखळीसारख्या गोल ठिपक्यांच्या तीन रांगा असतात, आणि ती चिडली की कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार टाकते. अजगराचं पिल्लू समजून घोणशीला हात लावल्याने माणसं गेली आहेत. हात लावायचाच नाही, हा नियम सगळ्या ओळखींपेक्षा भरवशाचा.

साप निघाला तर एका माणसाने लांबून नजर ठेवावी, बाकीच्यांनी गर्दी हटवावी, आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर किंवा ओळखीच्या, नोंदणी असलेल्या सर्पमित्राला फोन करावा. सापाला मारणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. रात्री बाहेर पडताना टॉर्च, माळीकाम करणाऱ्या आणि सुरक्षा रक्षकांना गमबूट, जमिनीवर झोपणाऱ्यांना कडा गादीखाली खोचलेली मच्छरदाणी, एवढ्याने दंश खूप कमी होतात. मच्छरदाणी मलेरियासाठी घेतली तरी मण्यारही अडवते.

घरी सोडल्यानंतर

डिस्चार्ज कार्डवर किती बाटल्या दिल्या आणि रिॲक्शन आली का, हे लिहून घ्या. साधारण आठवडाभराने ताप, सांधेदुखी, अंगावर पुरळ आलं तर तो घोड्याच्या प्रथिनाचा उशिरा आलेला परिणाम असतो, औषधांनी बरा होतो, पण त्यासाठी परत जायला हवं. घोणशीच्या दंशानंतर लघवी कमी होतेय का, चेहरा-पाय सुजतात का यावर काही आठवडे लक्ष ठेवा आणि मूत्रपिंडाची तपासणी सांगितलेल्या तारखेला करा. काही रुग्णांत हे विष मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीला इजा करतं, आणि मग महिन्यांनी, कधी वर्षांनीही न जाणारा थकवा येतो, पाळी बंद होते, अंगावरचे केस गळतात. तेव्हा डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगायचं, की घोणस चावली होती.